रविवारची कचेरी

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता, गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि न्हावाशेव्याच्या बंदराकडून येणारा रस्ता असे तीन मार्ग एकमेकांस मिळतात. आणि जेथे इतक्या वाटा मिळतात तेथे पोटासाठी घर सोडून निघालेला मनुष्य आज ना उद्या येऊन उभा राहतोच. कोणी बिहार-झारखंडातून आलेला असतो, कोणी बंगालमधून, कोणी मराठवाड्यातून. आणि याच जिल्ह्यातील कातकरी, ज्याचे गाव येथून फार दूर नाही, तोही दिवाळीनंतर वीटभट्टीच्या वाटेला लागला की परदेशी गेल्यासारखाच होतो. आमचा व्यवसाय वकिलीचा आणि विधिसेवेचा. आणि या माणसाशी आमची गाठ पडते ती नेहमी फार उशिरा, म्हणजे मजुरी बुडाल्यावर, हात यंत्रात गेल्यावर किंवा पोलिसांनी कोठडीत बसवल्यावर.

काही वर्षांपूर्वी एका बांधकाम मजुराचा थकलेल्या मजुरीचा अर्ज आम्ही चालवला होता. त्याच्यापाशी एक लहानशी वही होती व तीत दर आठवड्याला मिळालेली खर्ची त्याने तारीखवार मांडून ठेवली होती, इतकी नेटकी की आम्हांस प्रकरण हातात आल्यासारखेच वाटले. तथापि मालक कोण, हे त्या वहीत कोठेच नव्हते. मुकादमास सारे ‘लाला’ म्हणत, आणि लालाचे पूर्ण नाव, गाव, परवाना यांपैकी काहीही आम्ही पहिल्या भेटीत विचारून घेतले नाही. ते पुढे पाहू, अशी आमची समजूत होती. दुसऱ्या तारखेपर्यंत काम संपून मुकादम निघून गेला, तिसऱ्या तारखेला अर्जदारच गावी गेलेला होता, आणि अर्ज गैरहजेरीच्या शेऱ्यानिशी निकाली निघाला. दोष कायद्याचा नव्हता; तो आमचा होता, आणि हे लिहिताना तो कमी करून सांगण्याची आमची इच्छा नाही.

या प्रसंगाची आठवण झाली ती अमेरिकेतील काही चर्चसंस्थांच्या कार्याविषयी वाचत असताना. त्या देशात इमिग्रेशनचे न्यायालय दिवाणी स्वरूपाचे मानले जाते, आणि त्यामुळे हद्दपारीच्या प्रकरणात मनुष्यास वकील देण्याचा अधिकार असला तरी तो सरकारी खर्चाने मिळत नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने एकट्याने उभे राहावे, असा तेथील शिरस्ता आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्ये ‘क्लिनिक’ या नावाने ओळखली जाणारी संस्था काढली, आणि मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी १९९९ मध्ये ‘जस्टिस फॉर अवर नेबर्स’ हा उपक्रम सुरू केला. या दुसऱ्या उपक्रमाची रचना आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. ठरलेल्या दिवशी चर्चचे दालन उघडावे. वकिलाने एका टेबलाशी बसावे. आणि बाकी सारे, म्हणजे आलेल्याचे नाव-गाव टिपणे, दुभाष्याचे काम करणे, मुलांना सांभाळणे, चहा-फराळ देणे, हे त्या वस्तीतील सामान्य माणसांनी करावे, अशी ती रचना आहे. शिवाय तेथील सरकारने आणखी एक गोष्ट मान्य केली आहे, जी आपल्याकडील पुष्कळ वकील-बंधूंस रुचणार नाही. मान्यताप्राप्त लोकोपयोगी संस्थेत काम करणाऱ्या, वकील नसलेल्या पण त्या कायद्याचे ज्ञान सिद्ध केलेल्या व्यक्तीस अधिकारपत्र देऊन सरकारी कचेरीपुढे, आणि पूर्ण अधिकारपत्र असल्यास न्यायालयापुढेही, पक्षकाराची बाजू मांडू दिली जाते.

चर्चचे नाव काढताच आपल्याकडे कोणाच्या मनात धर्मांतराची शंका डोकावेल, हे आम्ही जाणून आहोत. परंतु महाराष्ट्राला हा प्रकार अगदी अपरिचित आहे, असेही नाही. डहाणूच्या आदिवासी भागात १९७८ मध्ये उभ्या राहिलेल्या कष्टकरी संघटनेच्या संस्थापकांपैकी प्रदीप प्रभू हे मूळचे जेझुइट धर्मगुरू. पुढे ते वकील झाले आणि वनजमिनीच्या हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जीन देव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने १९८५ पासून घरकामगार स्त्रियांची चळवळ उभी केली, जिचा कारभार मुंबईहून चालतो. त्या स्त्रियांमध्ये झारखंड-छत्तीसगडकडून आलेल्या मुली पुष्कळ होत्या, आणि अशा अनेक चळवळींच्या रेट्यामुळेच २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. या उदाहरणांतून आपण घ्यावयाचे ते उपासनेचे प्रकार नव्हेत. घ्यावयाचा तो वार. मजुराला मोकळीक मिळाली तर ती रविवारी मिळते, चर्च रविवारी उघडे असते, आणि आपली न्यायालये, कामगार कचेऱ्या व विधिसेवा समित्या नेमक्या त्याच दिवशी बंद असतात. एवढ्या साध्या विसंगतीकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष गेले आहे?

पनवेलकरांस तर परक्या मुलखातील कागदाची अडचण काय असते, हे निराळे सांगावयास नको. येथल्या इस्रायल तलावाच्या परिसरातून आणि कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून १९४८ नंतर जे बेने इस्रायली यहुदी आपल्या धर्मभूमीत, इस्रायलमध्ये, गेले, त्यांच्याच विवाहांच्या वेळी तेथील धर्मपीठाने पूर्वजांची चौकशी मागितली. आणि पुष्कळ धरणे-निदर्शने झाल्यावर १९६४ साली तेथील लोकसभेने त्यांस सर्वार्थाने यहुदी म्हणून मान्य केले. सातासमुद्रापलीकडे आपल्याच मराठी बोलणाऱ्या माणसास ‘तू कोण, सिद्ध कर’ असे विचारले गेले, ही गोष्ट स्मरणात ठेवूनच फाट्यावरच्या माणसाकडे पाहावे.

कारण हाच प्रश्न आता त्याला विचारला जात आहे. १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याच्या कलम ९ ने, आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. तो कायदा रद्द होऊन २०२५ चा नवा कायदा आला, तरी हा भार आहे तेथेच आहे. याउलट १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याचे कलम १५ पाहावे. तेथे मजूर म्हणतो की हे कर्ज वेठीचे आहे, आणि ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. एकच मनुष्य, एकाच आठवड्यात, या दोन्ही कायद्यांच्या कक्षेत येऊ शकतो: उचल घेऊन भट्टीवर अडकलेला बंगाली भाषक मजूर एका कायद्याने संरक्षित आणि दुसऱ्याने संशयित. अशा वेळी तो कोणत्या दाराने आत आला, आणि त्याची पहिली कैफियत कोणी व कशी लिहून घेतली, यावरच पुढचे सारे अवलंबून राहते.

मोफत विधिसाहाय्याचा विचार आपल्या प्रांतात नवा नाही. मुंबई सरकारने न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती नेमली ती १९४९ साली, आणि पुढे हाच विषय ज्यांनी देशभर नेला ते न्यायमूर्ती प्र. न. भगवती त्यांचेच चिरंजीव. राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द आहे. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मात्र ‘प्रत्येक व्यक्ती’ असे म्हटले आहे. स्त्री असो, बालक असो, अनुसूचित जाती-जमातीचा असो, वेठीस धरलेला असो वा कोठडीत असो, त्याच्या उत्पन्नाची चौकशी करण्याचे कारण नाही. आणि कोठडीतील माणसाचा देश कोणता, हेही ते कलम विचारत नाही. या शब्दभेदाचा उपयोग आपल्या अर्जांत जितका व्हावयास हवा तितका होत नाही, असे आमचे निरीक्षण आहे.

वकील नसलेल्या माणसाने कायद्याच्या कामात हात घालावा काय, या प्रश्नावर आमच्या व्यवसायबंधूंची भीती आम्ही समजू शकतो. कोर्टाच्या आवारातील दलाल सर्वांनी पाहिले आहेत, आणि अमेरिकेतही ‘नोटारिओ’ या नावाखाली, स्थलांतरितांच्या मायदेशी त्या शब्दास असलेल्या वजनाचा गैरफायदा घेऊन, परदेशस्थांना लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. पण दलालाचे फावते ते प्रामाणिक माणूस त्या जागी नसतो म्हणून. आपल्याकडे २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे, आणि वकिलांविषयीच्या १९६१ च्या कायद्याच्या कलम ३२ ने विशिष्ट प्रकरणात वकील नसलेल्यासही बाजू मांडू देण्याची मुभा न्यायालयास दिलेली आहे. असे असता या स्वयंसेवकांस शिबिरात पत्रके वाटण्यापुरते राबवणे, हा निव्वळ अपव्यय होय.

त्यांनी करावयाचे काम बारीक आहे, आणि ते शिकवता येते. मुकादमाचे पूर्ण नाव व गाव. त्याच्या मोटारीचा क्रमांक. उचल किती, कोणासमोर, कोणत्या दिवशी. खर्ची कोणत्या वारी. कामाच्या जागेवरील फलकाचे छायाचित्र. सोबतच्या दोन मजुरांचे गावाकडील पत्ते. आणि अर्जदार गावी गेल्यावर तारखेस हजर कोणी राहावे, यासाठी त्याच्या सहीचे अधिकारपत्र. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या कायद्याने कंत्राटदाराने मजुरास छायाचित्रासह पासबुक द्यावे असे बंधन घातले होते. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे, पण इतक्या वर्षांत असे पासबुक आम्ही एकदाही डोळ्यांनी पाहिले नाही. जे कंत्राटदाराने लिहावयाचे आणि लिहिले नाही, ते आपण लिहून ठेवावे, आणि तेही भांडण निर्माण होण्यापूर्वी. मराठवाड्यातून आलेल्या मजुराला त्या कायद्याचा आधार कधीच नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते; त्याच्यासाठी तर हा कागदच सर्व काही आहे.

यास्तव पनवेल, उरण, पेण आणि कर्जत येथील वकील-वाचकांस व विधी स्वयंसेवकांस आमची विनंती अशी की, त्यांनी महिन्यातील एक रविवार या कामासाठी द्यावा. जागा देवळाचा सभामंडप असो, बुद्धविहार असो, शाळेचा वर्ग असो वा चर्चचे दालन. आम्हांस त्यात भेद नाही, फक्त ती पळस्पे फाट्यापासून पायी जाण्याजोगी असावी. ज्यांच्यापाशी अशी जागा असेल, आणि ज्यांस हिंदीखेरीज बंगाली, भोजपुरी, ओडिया किंवा कातकरी बोली समजत असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकून कळवावे. टेबल आणि दोन खुर्च्या आमच्या.