ऊन लिहावे कसे?

चैत्र सरत आला, की आमच्याकडे अभिप्रायार्थ येणाऱ्या कथांतूनही उन्हाळा सुरू होतो. गेल्या महिन्यात एका होतकरू लेखकाची कथा आम्ही कळमनुरीस आमच्या ओसरीवर बसून वाचली. नायिका भर दुपारी कयाधूच्या पात्रात पाण्यास जाते. पहिल्याच परिच्छेदात सूर्य आग ओकतो, धरित्री होरपळते आणि सर्वांच्या अंगाची लाही लाही होते. परंतु कथेतील सूर्याने एवढी आग ओकूनही आम्हांस तहान म्हणून लागली नाही.

असे का व्हावे? ती वाक्ये चुकीची नव्हेत. ज्यास ती प्रथम सुचली, त्याने खरोखरच ऊन सोसले असेल. परंतु हजार हातांतून फिरलेल्या नाण्यावरील मुद्रा झिजावी, तशी ती आता झिजली आहेत.

वास्तविक आपल्या भाषेत उन्हासाठी शब्दांची वाण नाही. विस्तवाची ती धग, वाऱ्याबरोबर येते ती झळ, जिवाची होते ती काहिली, आणि हवा कोंडून अंग घामेजते तो उकाडा. कोकणात हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, तेथे उकाडा. आमच्या मराठवाड्यात हवा कोरडी. घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो, ओठ फुटतात, काळ्या रानास भेगा पडतात, आणि त्याच कोरडेपणामुळे माठातील पाणी मात्र चांगले गार होते. पारा चाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे हवा मनुष्याच्या अंगाहून, म्हणजे सुमारे ३७ अंशांहून, अधिक तापलेली असते. मग वाऱ्याची झुळूक राहत नाही, झळ होते. लोक दारे उघडण्याऐवजी लावून घेतात. आमच्या लेखकाचा नायक मात्र दोन प्रहरी घामाने चिंब होऊन वाऱ्यासाठी खिडकी उघडतो. हे ऊन रत्नागिरीचे झाले, कळमनुरीचे नव्हे!

ऊन लिहावे कसे, हे कालिदासापाशी शिकावे. त्याच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्माने होतो. तेथे तापलेला सर्प मोराच्या पिसाऱ्यात तोंड घालून पडतो आणि मोर त्यास मारीत नाही. बेडूक नागाच्या फणेखाली सावलीस बसतो. जन्माचे वैर विसरावयास लावणारे ऊन किती कडक असेल, हे वाचकास निराळे सांगावे लागत नाही. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकारंभी प्रियंवदा वाळ्याची उटी व कमळाची पाने नेते, शकुंतलेस ऊन बाधले, असे ती सांगते. तो ताप उन्हाचा की प्रेमाचा, हा प्रश्न दुष्यंतास पडतो आणि त्यातूनच प्रसंग फुलतो. ते ऊन शोभेचे नाही. काढून टाकले तर प्रसंगच उभा राहणार नाही.

सारांश, ऊन किती होते हे न सांगता, त्याने कोणाकडून काय करविले ते लिहावे. आणखी एक. कथांतील ऊन बहुधा रस्त्यावरच असते. वास्तविक वैशाखात दहा-बारा माणसांच्या पोळ्या लाटीत जी सून शेगडीपुढे उभी असते, तिच्याइतके ऊन घरात कोणासच लागत नाही. पंख्याखाली बसून ‘आज फार उकडते’ म्हणणारे आम्हां पुरुषांचे ऊन साहित्यात पुष्कळ आले. तिचे त्या मानाने थोडे.

हा उपदेश करण्याचा आमचा अधिकार कितपत, तेही सांगणे प्राप्त आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही या तालुक्यातील एका शाळेत सातवीस मराठी शिकवीत होतो. ‘उन्हाळ्यातील एक दुपार’ हा निबंध दिला आणि कोपलेल्या रविराजाची वाक्ये आम्हीच फळ्यावर लिहून दिली. मुलांनी ती इमानाने उतरविली व चांगले गुण मिळविले. एकाने मात्र लिहिले होते, ‘शाळा सुटल्यावर मी भिंतीच्या सावलीने जातो. पुलावर सावली नाही. तेथे थोडे पळतो, मग दप्तर खाली टाकून त्यावर उभा राहतो, मग पुन्हा पळतो.’ आम्ही समासात लाल शाईने शेरा मारला, ‘भाषा रुक्ष. वर्णन नाही.’ दहांपैकी तीन गुण दिले.

शाळा सकाळची असे व बाराला सुटे. आठवड्याभरात एके दिवशी घरी परतताना तो मुलगा आम्हांस पुलावर दिसला. डांबर मऊ झाले होते आणि तो दप्तरावर उभा होता. पाय अनवाणी होते. आमच्या पायांत वहाणा होत्या, डोक्यावर छत्री होती. आम्ही त्यास छत्रीखाली घेऊन पुलापलीकडे पोहोचविले. परंतु वहीतील तो शेरा दुसऱ्या दिवशी खोडला नाही. गुरुजींची चूक झाली, हे वर्गास कळू नये, एवढेच कारण. उन्हाविषयीचे इतके खरे लेखन पुढे आमच्या हाती क्वचितच आले, आणि त्यास तीन गुण देणारे आम्हीच.

होतकरू लेखकाची कथा आम्ही परत पाठविली आहे. या वेळी समासात शेरा मारला नाही. केवळ एक प्रश्न लिहिला: कयाधूच्या वाळूतून जाताना तुमच्या नायिकेच्या पायांत काय होते?