मधल्या स्टेशनावरचे बिऱ्हाड

‘लोणावळ्याला राहता? मग काय बुवा, मजा आहे तुमची!’

हे वाक्य ऐकले की मी नुसता हसतो. पूर्वी उत्तर देत असे. मुंबईच्या माणसाला लोणावळा म्हणजे चिक्की, धुके आणि भुशीचे धरण. पुण्याच्या माणसालाही तेच. फक्त तो चिक्कीचा भाव आधी विचारतो. पण लोणावळ्याला माणसे राहतात, ही गोष्ट दोघांच्याही गळी उतरत नाही. हवा खायला आलेली माणसे नव्हेत. दूधवाल्याचे बिल, मुलांच्या परीक्षा, गळके छप्पर आणि गुडघेदुखी यांच्यासकट बारा महिने राहणारी माणसे.

मी त्यांतलाच एक. निदान तशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती.

आमचे बिऱ्हाड भांगरवाडीत. स्टेशनापासून चालत दहा मिनिटे, धावत सहा. हा दुसरा आकडा मी स्वतः काढलेला आहे. रेल्वेच्या हिशेबाने आमच्या स्टेशनापासून मुंबई १२८ किलोमीटर आणि पुणे ६४. म्हणजे एका बाजूला जितके, त्याच्या बरोबर दुप्पट दुसऱ्या बाजूला. शहाणा माणूस पोटापाण्यासाठी चौसष्टाकडे तोंड करील. मी एकशेअठ्ठाविसाकडे केले आणि सव्वीस वर्षे तसेच ठेवले. निवृत्त झाल्यावर एका दुपारी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला, तेव्हा एकूण प्रवास अठरा लाख किलोमीटरच्या घरात गेला. चंद्रावर दोनदा जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा निघालेला माणूस अर्ध्या वाटेच्या पुढे असेल, इतका! आणि एवढे करून मी पोचलो कुठे, तर फोर्टात, एका बँकेच्या हिशेबनीस खात्यात.

बँकेवरून आठवले. माझे वडील रेल्वेत, घाटाच्या इंजिनावर. कर्जतहून गाडी चढायला लागते तेव्हा तिला मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. त्यांना आमच्याकडे ‘बँकर’ म्हणतात. शाळेत पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारले, ‘वडील काय करतात रे?’ मी ठासून म्हणालो, ‘बँकरवर असतात.’ मास्तरांनी मला पुढच्या बाकावर बसवले. पुढे चाचणीत मला गणितात अकरा गुण पडले आणि त्यांनी खरी चौकशी केली, तेव्हा माझी रवानगी पुन्हा मागे झाली. मागून ढकलण्याची परंपराच आमच्या घराण्यात. त्याला काय करणार?

या घाटाचे मला लहानपणी फार कौतुक नव्हते. रोजच्या गोष्टीचे कोणाला असते? पण गाडीत बसून बसून माणूस इतिहास वाचू लागतो. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो चढ. तो फोडताना पटकीने आणि सुरुंगांनी हजारो मजूर मेले. त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजारपणाने मेला. त्याच्या बायकोने, ॲलिसने, बोचकी बांधून परत जाण्याऐवजी ते कंत्राट पुढे चालवले. परक्या मुलखात, नवरा गेलेला, समोर तो काळा कातळ, आणि बाई म्हणते, काम पुरे करू! मी हे घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. सौ. पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, ‘मग काय करील? पुरुष अर्धवट टाकून जातात, बायकांना निस्तरावे लागते.’ इतिहासाकडे पाहण्याची ही दृष्टी मला नवी होती.

आमच्या गावात एक चमत्कार असा की येथले पाणीसुद्धा नोकरीला मुंबईकडे जाते. इंद्रायणी उगम पावते ती इथल्या डोंगरांत, आणि तिची वाट देहू-आळंदीवरून पूर्वेला. पण टाटांनी वळवण, लोणावळा, शिरवता ही धरणे बांधली आणि इथले पाणी नळांतून पश्चिमेला घाटाखाली सोडले. १९१५ सालापासून ते खोपोलीला चक्रे फिरवते आहे. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. गिरण्या गेल्या, वीज अजून जाते. तुकोबांच्या गावाला जायचे पाणी कापडाच्या गिरणीकडे वळले, ही गोष्ट मला पासधारक म्हणून फार जवळची वाटते. फरक इतकाच की खोपोलीला उतरलेले पाणी पुन्हा वर येत नाही. मी मात्र रोज रात्री येत असे.

सकाळी सिंहगड एक्स्प्रेस, संध्याकाळी डेक्कन क्वीन. ही डेक्कन क्वीन १९३० च्या १ जूनला सुरू झाली, आणि पुण्याची मंडळी अजून तिचा वाढदिवस साजरा करतात. आम्ही मधल्या स्टेशनावरचे. आमचा मान करंजीतल्या सारणासारखा, आहे पण दिसत नाही. पुण्याहून बसून आलेला पासधारक आपल्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू आपण त्याच्या दिवाणखान्यात चपला घालून शिरलो आहो. पहिली दोन वर्षे मी कर्जतपर्यंत उभा. तिसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी पाय आवळून चार बोटे जागा दिली. दहाव्या वर्षी मी त्यांच्या मुलीच्या लग्नात अक्षता वाटत होतो. पत्ते, भजन, राजकारण, औषधांची नावे, मुलांची स्थळे या सगळ्यांची देवघेव त्या डब्यात झाली. घाट उतरताना गाडी ठिकठिकाणी थांबते. ब्रेक नीट लागतात की नाही याची खात्री पटल्याशिवाय तिला पुढे सोडत नाहीत. तेवढ्या वेळात खिडकीतून पावसाळ्यात धबधबे दिसतात. नवखा माणूस उठून दाराशी जातो. आम्ही ‘किती मिनिटे गेली?’ एवढेच विचारत असू.

मग २०२० च्या मार्चमध्ये गाड्याच बंद पडल्या. काही महिने मी सक्तीने घरी होतो. पण तेव्हाही खिडकीशी संगणक मांडून बसलो होतो, आणि पाठ डोंगराकडे होती; उजेड पडद्यावर येतो म्हणून.

मी घरात नसताना हे गाव चालवले कोणी, तर सौभाग्यवतींनी. जूनमध्ये पाऊस लागला की आमच्याकडे आगपेटीच्या काड्या मऊ पडतात, मिठाला पाणी सुटते, चपलांना पांढरी बुरशी येते आणि कपडे वाळता वाळत नाहीत. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे काय, हे कॅलेंडरवर कळत नाही. सासूबाईंच्या वेळचे डालगे शेगडीवर पालथे घालून त्यावर मुलीचा गणवेश वाळवणाऱ्या बाईला कळते. पहिल्या पावसाबरोबर ठाकरांच्या बायका दारावर येतात. कोणीकडे शेवळं आहेत, कोणीकडे फोडशी, कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा नवरा दारू सोडतो म्हणाला आणि सोडली नाही, हे सगळे सौ.ना तोंडपाठ. मला डब्यातली भाजी ठाऊक. ती डोंगरावर कुठे उगवते हे मी सव्वीस वर्षांत कधी विचारले नव्हते.

आता एका गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही असे दोन दिवस वाटत होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी निवृत्त झालो. जुलैतल्या एका रविवारी दुपारी जेवून उठलो आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे झाले. घाम. डावा हात जड. सौ.नी शेजारच्या मुलाला हाक मारली, डॉक्टर आले, त्यांनी घरीच आलेख काढला, गोळी चघळायला दिली आणि सौ.ना बाजूला घेऊन सांगितले की मोठ्या इस्पितळात हलवा, आत्ताच. रुग्णवाहिका मागवली. ती निघाली, आणि अडकली. पावसाळ्यातला रविवार म्हणजे काय हे ज्याने लोणावळ्यात पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. जुन्या रस्त्यावर गाडीला गाडी चिकटलेली, माणसे टपावर चढून गाणी म्हणताहेत, कणसे भाजताहेत. त्यांचा काही दोष नाही. आठवडाभर खुराड्यात कोंडलेली माणसे ती. २०२४ च्या जूनअखेर भुशीजवळच्या ओढ्यात एकाच घरातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हा आम्हीच हळहळलो होतो. पण त्या दुपारी त्या गाण्यांचा आवाज घरात येत होता आणि रुग्णवाहिका येत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, ‘आणखी तासभर तरी लागेल.’

सौ. एक मिनिट गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पुणे लोकल आहे. वीस मिनिटांत सुटेल.’ ज्या बाईने जन्मात वेळापत्रक पाहिले नाही असे मी समजत होतो, तिला लोकलची वेळ पाठ! (नंतर कळले, मुलगी रोज त्याच गाडीने पुण्याला कामाला जाते-येते, आई गाड्यांच्या आवाजावर घड्याळ लावते.) शेजारच्या दोघांनी मला वेताच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून, वाटेतल्या पर्यटकांना ‘सरका, सरका’ म्हणत स्टेशनात नेले. एका मुलाने माझ्या तोंडावर छत्री धरली होती. तो गाणी म्हणणाऱ्यांतलाच होता. डॉक्टर स्वतः गाडीत चढले.

बाकावर सौ.च्या मांडीवर डोके ठेवून मी आडवा होतो. या दिशेने मी कितीतरी वर्षांत गेलो नव्हतो. मळवली आले. खिडकीत एक मोठा हिरवा डोंगर सरकत गेला. मी विचारले, ‘हा कोणता?’ सौ. म्हणाल्या, ‘विसापूर. पलीकडे लोहगड. बोलू नका.’ थोड्या वेळाने मी पुन्हा काही विचारले असावे, कारण त्या म्हणाल्या, ‘कामशेत. बोलू नका म्हटलं ना!’ त्यांचा तळहात माझ्या छातीवर होता आणि तो थरथरत होता. आवाज मात्र अगदी रोजचा. तळेगावला उतरवले, तेथे इस्पितळाची गाडी उभी होती. पुढचे मला फारसे आठवत नाही. नळी बसवली, वाचलो.

घरी आल्यावर मी जाहीर केले की हे घर विकायचे आणि पुण्यात दोन खोल्या घ्यायच्या. मुलीची कचेरी जवळ, इस्पितळ जवळ, नाटके जवळ. मुलीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत ती दुपार अजून होती. ती त्या दिवशी मैत्रिणीकडे पुण्यात होती आणि तळेगावच्या फलाटावर धावत आली होती. मला वाटले होते, सौ. हरकत घेतील ती अंगणाची, सासू-सासऱ्यांच्या आठवणींची. तसे काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या,

‘तुम्ही इथे राहिलातच कुठे? सव्वीस वर्षं झोपायला येत होतात. आधी थोडे राहा. मग विका.’

यावर मला उत्तर सुचले नाही. तरी दलालाशी बोलणे करून ठेवले. मुंबईचे एक गिऱ्हाईक होते, शनिवार-रविवारसाठी बंगला हवा असलेले. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी अकराला येतो म्हणाले. सौ. म्हणाल्या, ‘रविवारी नका बोलावू, अडकतील.’ मी म्हटले, त्यांना सवड तेव्हाच.

अकरा वाजले, एक वाजला. मधल्या काळात मी सौ.बरोबर मागल्या अंगणात गेलो. तिथे वडिलांनी लावलेल्या फणसाखाली एक झरा पावसाळ्यात फुटतो हे मला त्या दिवशी कळले. तो दर वर्षी फुटतो म्हणे. सौ.नी त्याला दगडांची पाळ घातली होती. तिच्यावरचे शेवाळ चांगले दहा-बारा वर्षांचे दिसत होते.

चार वाजता गृहस्थ आले. घाट चढायला त्यांना साडेतीन तास लागले होते. चेहरा काळवंडलेला, सदरा चुरगळलेला. सौ.नी आधी पाणी दिले, मग चहा, मग न विचारता फोडशीची भाजी आणि तांदळाची भाकरी. गृहस्थ जेवले. ओसरीवर टेकले. धुके फणसापर्यंत खाली आले होते. खालून बँकरची शिटी ऐकू आली.

‘काय शांत आहे हो इथे!’ ते म्हणाले. मग सावरून बसले. ‘बरं, किमतीचं काय म्हणता?’

आकडा मी चिठ्ठीवर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. मी सौ.कडे पाहिले. त्या ताट उचलत होत्या.

‘त्यांना काय विचारता?’ त्या गृहस्थांना म्हणाल्या. ‘त्यांना इथे येऊन तीनच महिने झालेत.’

गृहस्थ गोंधळून दारावरच्या पाटीकडे पाहू लागले. पाटीवर माझ्या वडिलांचे नाव आहे. मी खिशातली चिठ्ठी तशीच राहू दिली आणि त्यांना सांगितले की आता परत निघालात तर खंडाळ्याच्या अलीकडेच रात्र होईल. मोटार इथेच अंगणात राहू द्या, उद्या ड्रायव्हरला पाठवा, आणि आपण साडेसातच्या आत स्टेशन गाठा. मुंबईकडे जाणारी गाडी मिळेल, उजव्या बाजूची खिडकी धरा, आणि घाटात गाडी थांबली तर घाबरू नका, ब्रेक तपासतात.

स्टेशनापर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो. चालतच गेलो. दहा मिनिटे लागली.