सुटी सिगारेट



या अंकाचं संपादकीय एका मंत्र्यावर लिहायचं ठरलं होतं. राहू द्या. मंत्री कुठं पळून जात नाही. मागल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ, दहावीतला, अभ्यासिकेच्या जिन्याखाली झुरके मारताना घावला. मी हात उगारला. तो म्हणाला, "दादा, तुझ्यासाठी आणायला जायचो ना, तेव्हाच पहिली ओढली."

हात तसाच राहिला.

तेव्हा हा उपदेश नव्हे. उपदेश करायला माझं तोंड धुतलेलं नाही. दहावी होऊन गोदीवर लागलो, तेव्हा टोळीत पहिल्याच पाळीला एक गोष्ट कळली. गोणी टाकून नुसता बसलास तर मुकादम आईबहीण काढतो. हातात विडी असली तर गप राहतो. ओढणाऱ्याला पाच मिनिटं, न ओढणाऱ्याला दुसरी गोणी. दम घ्यायला मिळावा म्हणून मी दम मारायला शिकलो. डबा नसेल त्या दुपारी तर दोन विड्या हेच जेवण.

सरकार म्हणतं, कायदा आहे. आहे ना! २००३ चा कायदा सांगतो, अठराच्या आतल्या पोराला तंबाखू विकायची नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत विकायची नाही. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग सडक्या रोगाच्या चित्राला नि इशाऱ्याला दिलाय. पण वस्तीतलं पोरगं पाकीट घेतं कधी? ते घेतं एक, सुटी. टपरीला दोरीनं टांगलेल्या लायटरवर पेटवतं नि चालू लागतं. चित्र राहतं टपरीवाल्याच्या फळीवर. ज्याला वीस कांड्यांचं पाकीट परवडतं, इशारा त्याच्यासाठी! सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं सुटी विक्रीही बंद केली. आमच्या नाक्यावर आजही रोज मिळते.

२०१९ च्या सरकारी पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी पोरापोरींत ८.५ टक्के तंबाखू घेणारे निघाले. विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी पहिली विडी दहा वर्षांचं व्हायच्या आत ओढलेली. दहा वर्षांचं पोर टपरीवर आपणहून जातं होय? त्याला माझ्यासारखा कुणी दादा धाडतो.

आणि आमचे कवी! बोटात सिगारेट नसली की यांना विद्रोह सुचत नाही. मागच्या अंकातला माझा फोटो बघा, तसलाच आहे. व्यवस्थेला शिवी घालायची नि शिवी संपायच्या आत वीस रुपये तिच्याच गल्ल्यात टाकायचे. देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारच्याच आयुर्विमा महामंडळाचे शेअर आहेत. मरणाचा माल त्यांचा, मरणाचा विमाही त्यांचा.

गेल्या बैठकीनंतर मी थोटकं मोजली. पाच जण, एकतीस थोटकं. कागदवाल्याची उधारी सहाशेची आहे, नि आपण वर्गणी मागत दारोदार फिरतोय.

मला सोडून आज नववा दिवस. पाळीत डोकं भणभणतं, ओळ सुचत नाही, खोटं कशाला बोलू. परवा गोणी टाकून नुसता बसलो. मुकादमानं आई काढली. म्हटलं, दमलोय, पाच मिनिटं बसणार. टोळीतले दोघं येऊन शेजारी टेकले. एकानं कानावरची विडी काढली, बघितली, नि परत कानावर ठेवली.