‘आता डोंगर बंद’ हा सल्ला तपासून घ्या

चाळिशी-पन्नाशी ओलांडली, जिना उतरताना गुडघा कुरकुरायला लागला, एक्स-रे काढला, की बऱ्याच रुग्णांच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहिलेली असते : ‘मांडी घालून बसणे, जिने, डोंगर टाळा.’ गोळी किती दिवस घ्यायची, जेवणाआधी की नंतर, हे सगळे लिहिलेले असते. बंदी किती दिवस पाळायची, हे मात्र कुठेच नसते. मग घरचे ती जन्मभरासाठी लागू करतात. दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाणारे काका घरी बसतात. मैत्रिणींबरोबर कान्हेरीला जाणाऱ्या काकू ‘आता आपलं वय झालं’ म्हणून बूट माळ्यावर टाकतात.

माझे म्हणणे सरळ आहे. ‘डोंगर बंद’ हेही एक औषधच आहे. औषधाला कारण लागते, मात्रा लागते, मुदत लागते आणि त्याचे दुष्परिणाम असतात. ही बंदी बहुतेक वेळा यातला एकही विचार न करता दिली जाते, आणि तिचे दुष्परिणाम रुग्ण पुढची वीस वर्षे भोगतो.

शहराच्या मध्यावर असलेला डोंगर

उदाहरण मुंबईचेच घेऊ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. एका बाजूला मुंबईची पश्चिम उपनगरे, दुसऱ्या बाजूला ठाणे, उत्तरेला वसईची खाडी आणि मध्ये डोंगर, जंगल, तुळशी आणि विहार तलाव. समुद्रकिनाऱ्यावरच्या एवढ्या मोठ्या शहरात लोकलने जाऊन डोंगर चढता येतो, ही साधी गोष्ट नाही.

डॉक्टरच्या नजरेने या जागेकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते : इथे व्यायामाची मात्रा आपोआप विभागलेली आहे. प्रवेशद्वारापासूनचा सुरुवातीचा डांबरी रस्ता बराचसा सपाट आणि सावलीचा आहे. पुढे कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण 6 किलोमीटरचा रस्ता जातो आणि शेवटी चांगला चढ लागतो. लेण्यांमध्ये गेल्यावर खडकात कोरलेल्या पायऱ्या येतात. ज्याला फक्त सपाट चालायचे आहे त्याने पहिला टप्पा करावा, ज्याला दम वाढवायचा आहे त्याने चढ घ्यावा आणि पायऱ्या सगळ्यात शेवटी. पार्कात सायकली भाड्याने मिळतात. सराव असलेले सायकलवाले ठाण्याच्या बाजूने येऊरचा चढ चढतात. अशा जागेत ‘डोंगर बंद’ म्हणजे नेमके काय बंद? सपाट रस्ता? सायकल? की फक्त शेवटच्या पायऱ्या? हा प्रश्न कुणी विचारत नाही.

गुडघा म्हणजे टायर नव्हे

सगळा घोटाळा ‘झीज’ या शब्दाने केला आहे. झीज म्हटले की डोळ्यांसमोर टायर येतो : जेवढा वापरू तेवढा झिजेल, म्हणून गाडी कमी चालवा. पण टायर मेलेले रबर आहे आणि गुडघा जिवंत आहे.

गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचलले की ती सुटते, आणि स्पंजासारखी ये-जा होऊन द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे चालणे हे कूर्चेचे जेवण आहे. पाय पूर्ण विश्रांतीत ठेवले की हे जेवणच तोडले जाते.

2017 साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण सुमारे 3.5 टक्के होते आणि न धावणाऱ्या, बैठ्या लोकांमध्ये सुमारे 10 टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र ते 13 टक्क्यांच्या आसपास होते. धावल्यामुळेच गुडघे वाचले, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण गुडघे चांगले असलेलेच लोक धावत राहतात. पण ‘वापरला की झिजला’ हा हिशेब खरा असता, तर हौसेने धावणारे बैठ्या लोकांच्या मागे असायला हवे होते. तसे दिसत नाही. शिवाय इथे तर आपण धावण्याबद्दल नव्हे, चालण्याबद्दल बोलतो आहोत.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाला योग्य व्यायाम सुचवायला सांगतात. सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते, पण नियमित व्यायामाने सांध्याचा फायदा होतो, हेही रुग्णाला समजावून सांगा, असे त्यात आहे. आपल्याकडे नेमके ते पहिल्या आठवड्याचे दुखणेच बंदीचे कारण ठरते.

आणि एक्स-रे? त्यात बरीच झीज दिसूनही मजेत फिरणारे लोक असतात, आणि एक्स-रे जवळपास ठीक असूनही कण्हणारे असतात. नुसता आवाज येतो पण दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. डोंगर एक्स-रेने चढायचा नसतो. तो मांडीच्या स्नायूंनी चढायचा असतो.

बंदीचे दुष्परिणाम

चालणे सुटले की सर्वात आधी मांडीचे पुढचे स्नायू आटतात. हेच स्नायू गुडघ्याचे धक्के झेलतात. ते कमजोर झाले की दुखणे वाढते, दुखणे वाढले की चालणे आणखी कमी होते. दरम्यान वजन वाढते. गुडघ्याचा संधिवात असलेल्या जादा वजनाच्या ज्येष्ठांच्या एका अभ्यासात असे दिसले की एक किलो वजन कमी झाले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणजे गुडघा वाचवायला बंद केलेला डोंगर शेवटी गुडघ्यावरच येऊन बसतो.

हे फक्त गुडघ्यापुरते राहत नाही. भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असे आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते : पुरुषांत सुमारे 42 टक्के आणि स्त्रियांत 57 टक्के.

स्त्रियांच्या बाबतीत या सल्ल्यातला दुटप्पीपणा फार बोचतो. काकूंना डोंगर बंद होतो, पण चार तास ओट्यापाशी उभे राहणे बंद होत नाही. उकिडवे बसून फरशी पुसणे बंद होत नाही. चौथ्या मजल्यावर भाजीची पिशवी नेणे बंद होत नाही. बंद होतो तो आठवड्यातला एकच तास, जो त्यांचा स्वतःचा होता. गुडघ्याची खरेच काळजी असेल, तर घरच्यांनी आधी फरशीचा पोछा हातात घ्यावा आणि मग डोंगराबद्दल बोलावे.

त्रास चढताना कमी, उतरताना जास्त

आता ज्यात तथ्य आहे ते सांगतो. गुडघ्याचा खरा कस उतरताना लागतो. चढताना दम लागतो, पण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखे काम करतो. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. हे दुखणे स्नायूंचे असते आणि काही दिवसांत जाते. त्याला ‘गुडघा गेला’ समजून घाबरू नका.

या उतरण्याचाही फायदा आहे. ऑस्ट्रियातल्या एका अभ्यासात लोकांना काही आठवडे फक्त डोंगर चढायला आणि काही आठवडे फक्त उतरायला लावले होते (परतीचा प्रवास रोपवेने). चढण्याने रक्तातली ट्रायग्लिसराइड्स कमी झाली आणि उतरण्याने साखर पचवण्याची क्षमता सुधारली.

उतरताना पावले छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, धावत सुटू नका. एक-दोन काठ्या वापरा. काठी ही म्हातारपणाची खूण नाही, गुडघ्यावरचा भार हातांवर घेण्याचे ते साधन आहे. उतरणे अजिबात झेपत नसेल, तर काही आठवडे सपाट रस्ता आणि सायकल यांवर भागवा. सायकलवर शरीराचे वजन सीटवर जाते, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याला ती मानवते. मात्र सीट फार खाली नको. पेडल सर्वात खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील, एवढी ती उंच हवी. भाड्याच्या सायकलीची सीट न बघता निघाल्यामुळे दुखलेल्या गुडघ्याचा दोष डोंगराला देऊ नका.

‘डोंगरात अटॅक आला तर?’

ही भीती खोटी नाही. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस एके दिवशी अचानक उठून दमछाक करतो, तेव्हा हृदयावर ताण येतोच. पण त्यावरचा उपाय हळूहळू सुरुवात करणे हा आहे, कायम खुर्चीत राहणे हा नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढी गती पुरेशी आहे. अशी आठवड्याला 150 मिनिटे व्हावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काहींनी मात्र तपासणी झाल्याशिवाय चढावर जाऊच नये : चालताना छातीत दाब येणारे, चक्कर येऊन पडलेले, नुकताच हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेले, हृदयाची झडप अरुंद असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले. ज्यांचा गुडघा अचानक सुजला आहे, अडकतो आहे किंवा वजन पेलत नाही, त्यांनीही आधी दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात पाण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. मुंबईच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. मार्च ते मे या काळात सकाळी लवकर जा आणि ऊन चढायच्या आत परत या. बिबट्यांचे जंगल आहे, तेव्हा वेळा पाळा आणि परवानगी नसलेल्या वाटांवर जाऊ नका. सोमवारी पार्क बंद असतो, हेही लक्षात ठेवा.

या यादीत न बसणारे लोक कितीतरी जास्त आहेत. बंदी मात्र सगळ्यांना सरसकट मिळते.

डॉक्टरांना हे विचारा

पुढच्या वेळी कुणी ‘डोंगर बंद’ म्हणाले, तर भांडू नका आणि मुकाट्याने मानही डोलावू नका. चार प्रश्न विचारा. नेमके कशासाठी बंद? चढ, उतार, पायऱ्या, सायकल यांतले काय बंद आणि काय चालेल? किती आठवडे? आणि तोपर्यंत मांडीचे कोणते व्यायाम करू? ज्या डॉक्टरांनी विचार करून सल्ला दिला आहे, त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही.

उत्तर कागदावर लिहून घ्या. ते साधारण असे दिसायला हवे : ‘सहा आठवडे कान्हेरीच्या पायऱ्या नकोत. सपाट रस्त्यावर रोज वीस मिनिटे चालणे. मांडीचे व्यायाम दिवसाआड. सूज नसेल तर सायकल चालेल. सहा आठवड्यांनी परत दाखवा, मग चढ सुरू करू.’