पर्युषण, पूर आणि थायरॉइडची गोळी



मागच्या महिन्यात एका पारण्यासाठी चंद्रपूरला गेले होते. आम्ही पाचजणी बसलो होतो आणि तिघींच्या पर्समध्ये थायरॉइडची गोळी निघाली. एक ताई म्हणाल्या, "या गोळीनं छाती धडधडते गं. मी तर चातुर्मासात बंदच ठेवते, तेवढंच तप." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला गप्प बसवेना, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे.

आमचं घर भामरागडला. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या इथे मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की आलापल्लीचा रस्ता बंद. २०१९ च्या पावसाळ्यात तर तो किती वेळा तुटला, मोजायचं सोडून दिलं होतं. माझ्या ७५ मायक्रोग्रॅमच्या गोळ्या संपत आल्या होत्या, त्यात पर्युषण आलं. मी अठ्ठाई धरली आणि ठरवलं, उपवासात गोळी नको. गोळ्याही वाचतील, तपही शुद्ध होईल. पारण्यानंतर रस्ता उघडला, नवी पाकिटं आली आणि राहिलेलं भरून काढायला मी रोज दोन-दोन गोळ्या घेऊ लागले. कुणाला विचारलं नाही.

तीन आठवड्यांत हात थरथरू लागले. पूजेची थाळी धरता येईना. झोप उडाली, पोट बिघडलं, पोरांवर ओरडणं वाढलं. सामायिकाची ४८ मिनिटं बसणं कठीण झालं, छातीतली धडधड कानात ऐकू यायची. सासूबाई म्हणाल्या, "गोळी उष्ण पडली, सोड ती." मी सोडली. मग उलटं सुरू झालं. चेहरा सुजला, जिना चढताना दम लागू लागला, दुपारी चारला डोळे मिटायचे.

शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लेव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्या गळ्यातली ग्रंथी जे बनवते तेच संप्रेरक, बाहेरून दिलेलं. धडधड, थरथर, घाम, जुलाब, झोप न येणं, वजन झपाट्यानं उतरणं ही बहुतेक वेळा मात्रा जास्त झाल्याची खूण असते. असं फार काळ चाललं तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं विरळ होतात, आणि पाळी गेलेल्या बायकांना हा धोका अधिक. सुस्ती, सूज, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं ही मात्रा कमी पडल्याची खूण. म्हणजे दोष गोळीचा नव्हता, माझ्या मापाचा होता. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: त्रास झाला तर गोळी बदलायची की मात्रा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आपण फक्त त्यांना वेळेवर सांगायचं. छातीत दुखलं किंवा ठोके चुकू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता आपल्या घरांतल्या अडचणी. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासानं. नवकारसी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी पारली की आधी गोळी घ्यावी. उकाळलेलं पाणी थंड करून चालतं. चहा मात्र तासभर थांबवा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो, त्यामुळे रात्री दहाला पोट रिकामं असतं. तिविहार करणाऱ्यांनी झोपताना गोळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. चौविहार करणाऱ्यांना सकाळच बरी.

हे औषध शरीरात आठवडाभरानंही जवळपास निम्मं उरतं. म्हणून एक दिवस चुकला तर घाबरू नका आणि मनानं दुप्पटही घेऊ नका. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. त्याआधी खरा अंदाज येत नाही. सून गरोदर राहिली तर लगेच डॉक्टरांना कळवा, तेव्हा मात्रा बहुधा वाढवावी लागते. आणि आमच्यासारख्या गावात मृग लागण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या भरून ठेवा, पाकिटातून न काढता, चुलीपासून आणि ओलीपासून दूर.

राहिला धर्माचा प्रश्न. पच्चक्खाणाच्या पाठात आगार असतात, आणि त्यांत सर्वसमाधीचा आगारही आहे. जिवाची समाधी टिकावी म्हणून औषधाला जागा आपल्या परंपरेनंच ठेवली आहे. पच्चक्खाण घेण्याआधी साध्वीजींना आजार सांगा. लपवून केलेल्या तपापेक्षा सांगून केलेलं एकासणं मला मोठं वाटतं.

काहीजणी विचारतात, ही गोळी प्राण्यांपासून होते का? पूर्वी मेंढ्या-डुकरांच्या ग्रंथी वाळवून औषध होत असे. पण थायरॉक्सिन १९२७ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं आणि आजचं लेव्होथायरॉक्सिन तसंच कृत्रिम रीतीनं बनतं. गोळीतल्या मॅग्नेशियम स्टिअरेटसारख्या घटकाची शंका असेल तर कंपनीला विचारा, पण उत्तर येईपर्यंत गोळी बंद ठेवू नका.

आपण मुंगीलाही जपून पाऊल टाकतो. कुणाचा बीपी, कुणाची शुगर, सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा आपल्याला पाठ असतात. स्वतःची गोळी तेवढी संसाराच्या शेवटच्या कप्प्यात जाते. अहिंसेत आपला जीवही येतो, हे मला पुरानं आणि थरथरत्या हातांनी शिकवलं. यंदा पर्युषणाआधी आपापली टीएसएच तपासून घ्या. आणि त्या पारण्यात मी जरा जोरात बोलले असेन तर, मिच्छामि दुक्कडं.