आयसीला सॉकेट हवेच

आमच्या अंबरनाथच्या वस्तीतल्या एका पोराने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर जोडला. जयंतीच्या आदल्या रात्री तो मुका झाला. दोष ४५५८ आयसीचा, किंमत चहाएवढी; पण तिचे आठही पाय थेट बोर्डावर सोल्डर केलेले! काढताना तांब्याची पट्टीच उखडली. जयंती भाड्याच्या भोंग्यावर निभावली.

नव्या बोर्डावर त्याने आधी आठ पायांचे सॉकेट सोल्डर केले. आयसी त्यात खाच जुळवून नुसती दाबायची. व्हॉल्यूम, स्पीकरच्या तारांना कनेक्टर लावले, त्यामुळे बोर्ड चार स्क्रू काढले की बाहेर. बंधूंनो, २एन३०५५ ट्रान्झिस्टर बदलताना खालची अभ्रकाची चकती विसरू नका. त्याचे धातूचे टोपण म्हणजेच कलेक्टर. कोणती तार कुठली, हे झाकणाच्या आत लिहिले आहे. अक्षर माझे, त्याचे कुणालाच लागत नाही.