अक्षराभोवतीचे कुंपण

आलेखाच्या कागदावर 'अ' काढून पाहा. अट एकच : प्रत्येक चौकोन एक तर पूर्ण काळा करायचा, नाही तर कोरा सोडायचा. अक्षराच्या वळणावर पायऱ्या दिसू लागतील. संगणकाच्या पडद्यापुढे नेमकी हीच अडचण असते. साध्या पडद्यावर एका इंचात सुमारे ९६ चित्रबिंदू असतात. म्हणजे एक बिंदू पाव मिलिमीटरहून किंचित मोठा. अर्ध्या मीटरवरून निरोगी डोळ्याला सुमारे ०.१५ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. म्हणूनच त्या पायऱ्या डोळ्यांना खुपतात.

यावर दोन उपाय निघाले. पहिला असा : अक्षराच्या आराखड्याबरोबरच, रेषा कोणत्या बिंदूंवर बसवायच्या याच्या सूचनाही द्यायच्या. शिरोरेखा बिंदूंच्या दोन ओळींच्या मधोमध पडली, तर दोन्ही ओळी करड्या होऊन ती धूसर दिसते. सूचनेनुसार ती थोडी सरकवली की ठसठशीत होते. ॲपल कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या ट्रूटाइप पद्धतीत अशा सूचनांची सोय होती. दुसरा उपाय प्रकाशशास्त्राचा. पडद्यावरील प्रत्येक बिंदू तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. या पट्ट्या स्वतंत्रपणे उजळल्या, तर आडव्या दिशेने तिप्पट बारकावा मिळतो. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये हे तंत्र 'क्लियरटाइप' नावाने जाहीर केले.

दोन्ही तंत्रांवर अमेरिकेत एकस्वे, म्हणजे पेटंटे, होती. १९९६ मध्ये सुरू झालेला फ्रीटाइप हा मुक्त प्रकल्प लिनक्ससारख्या प्रणालींसाठी अक्षरे रेखाटण्याचे काम करतो. त्याच्या कार्यकर्त्यांनी ट्रूटाइपच्या सूचना पाळणारी आज्ञावली स्वतः लिहिली होती. परंतु एकस्वाच्या धास्तीने ती बंद स्थितीतच वाटावी लागे. ॲपलची एकस्वे मे २०१० मध्ये संपली आणि त्याच वर्षीच्या जुलैत फ्रीटाइपने हे दार उघडले. क्लियरटाइपची एकस्वे संपायला २०१९ उजाडले.

एकस्व ज्या देशाने दिले, त्या देशापुरतेच चालते. मुक्त आज्ञावली मात्र साऱ्या जगात एकच वाटली जाते. त्यामुळे अमेरिकेतल्या कायद्याची सावली नागपुरात लिनक्स वापरणाऱ्याच्या पडद्यावरही पडली.

कोणी म्हणेल, अडथळ्यामुळेच नवी वाट सापडते. यात तथ्य आहे. सूचनांवाचून अक्षरे नीट बसवणारी पद्धत फ्रीटाइपने तयार केली. २०१७ मध्ये अक्षराचा आराखडा प्रत्येक रंगासाठी बिंदूच्या एकतृतीयांशाने सरकवून रेखाटण्याची वेगळी युक्तीही आणली. तथापि जे काम आधीच झाले होते त्याला वळसा घालण्यात किती बुद्धी खर्ची पडली, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

शोधकाला मोबदला मिळू नये, असे माझे म्हणणे नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या लेखनाला स्वामित्वहक्काचे संरक्षण असतेच; ती कोणी जशीच्या तशी उचलू शकत नाही. एकस्व त्यापुढे जाते. दुसऱ्याने स्वतंत्रपणे तीच कल्पना शोधून सारी आज्ञावली नव्याने लिहिली, तरी ते त्यालाही अडवते. यंत्राच्या बाबतीत हे एक वेळ समजू शकते. पण रेषेला जवळच्या ओळीवर बसवणे हे मुळात गणित आहे, आणि गणिताला कुंपण घालणे मला मान्य नाही.

आपल्या १९७० च्या एकस्व कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आले. त्यानुसार गणिती पद्धती, 'निव्वळ' संगणक-आज्ञावली व गणनविधी यांना एकस्व मिळत नाही. २००४ च्या अध्यादेशाने हे कलम सैल केले होते. २००५ मध्ये संसदेने तो बदल वगळला. ते योग्यच झाले. परंतु 'निव्वळ' या एका शब्दाच्या अर्थावरून अजूनही वाद होतात. उद्या तुमच्यापैकी कोणी आज्ञावल्या लिहील, तर कोणी वकील होईल. या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम तुमच्याकडेच येणार आहे.

तोवर एक करा. घरात भिंग असेल तर ते पडद्यावरच्या पांढऱ्या भागावर धरा. तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग वेगवेगळे दिसतील. ते कोणाच्याही मालकीचे नाहीत.